घर विकायचं तर हातपाय धड असताना

मे सरत आला की कोकणातल्या कौलारू घराला गडी लागतो. कौलं परतायची, फुटकी बदलायची, पन्हळीत अडकलेला पाचोळा काढायचा, पश्चिमेच्या पडवीला चुडतांची झापं बांधायची, पाखाडीवरचं शेवाळ खरवडायचं, सरपण कोरड्यात घ्यायचं. दीड हजार चौरस फुटांच्या जुन्या घराचं छप्पर उतार आणि वळचण धरून दोन हजारांच्या पुढे जातं. चौरस मीटरला पंधरा-सोळा मंगलोरी कौलं धरली, तर एका घरावर तीन हजारांच्या आसपास कौलं असतात. वानरांची टोळी एकदा आढ्यावरून गेली की त्यातली डझनावारी सरकतात किंवा फुटतात. हे घर दहा-बारा माणसांसाठी बांधलेलं होतं. आज त्यात सत्तरी-पंचाहत्तरीची दोन माणसं राहतात, आणि कित्येक वाड्यांत तर एकटी बाई.

या माणसांनी घर विकावं का, असं गावात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: वाडवडिलांचं घर विकायचं नसतं. हे उत्तर देणाऱ्यांत मुंबईला किंवा पुण्याला राहणारे आणि गणपतीत पाच दिवस येणारेच अधिक असतात. आमचं मत वेगळं आहे. संसार आटोपशीर करण्याचा निर्णय ज्येष्ठांनी स्वतः घ्यावा, आणि तो सत्तरीच्या आसपास, हातपाय धड आणि सही ठाम असताना घ्यावा. त्यातून जो पैसा येईल त्यावर पहिला हक्क त्यांच्या म्हातारपणाचा. ज्यांना घर राहावंसं वाटतं, त्यांनी ते वाटणं रोख रकमेत आणि श्रमांत दाखवावं.

‘विकू नका, नुसतं बंद ठेवा’ हा सल्ला सर्वांत वाईट. जांभ्याचं, मातीने सांधलेलं, लाकडी वाशांचं घर बंद करून टिकत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक कौल सरकलं की पाणी आधी रिपेवर, मग वाशावर येतं, वाशाच्या अंगाने उतरून भिंतीच्या माथ्यावर मुरतं. वासा मधे कुजत नाही, भिंतीवर टेकतो तिथे कुजतो, आणि खालून बघणाऱ्याला ते दिसत नाही. माथ्यावरची माती भिजली की चिरा मोकळा होतो. चूल पेटत होती तोवर धुराने लाकडाचं रक्षण होत होतं, रोजच्या केरवाऱ्याने वाळवीची माती वेळीच दिसत होती. घर बंद झालं की दोन्ही थांबतं. तीन-चार पावसाळ्यांत एक कोपरा बसतो, आणि बसलेल्या घराला गिऱ्हाईक फक्त लाकडाच्या भावाने येतं. जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते ही दोन्ही वादळं नेमकी पावसाच्या तोंडावर आली. श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात छपरं उडाली तेव्हा कौलं, पत्रे, ताडपत्र्या आणि गडी यांची एकदमच टंचाई झाली. ज्या घरात धावाधाव करणारं कोणी नव्हतं, ती घरं उघडीच भिजली.

घराइतकंच माणसाचंही बघायला हवं. रस्त्यापासून घरापर्यंत चाळीस-पन्नास पायऱ्यांची पाखाडी असेल, तर १०८ ची रुग्णवाहिका रस्त्यावरच थांबते आणि माणसाला खुर्चीत बसवून खाली आणावं लागतं. वाडीत चार तरणे हात नसतील तर खुर्ची उचलणार कोण? न्हाणीघर मागच्या पडवीत, संडास अंगणापलीकडे, विहिरीवर रहाट. पासष्टीला या गोष्टी नुसत्या त्रासाच्या असतात, ऐंशीला त्यांच्यामुळेच खुब्याचं हाड मोडतं.

विलंबाची सगळ्यात मोठी किंमत मात्र कागदावर मोजावी लागते. चार भावंडांची सामाईक जमीन धरा. आज ठरवलं तर चार सह्या लागतात. ही पिढी गेली आणि प्रत्येकाला तीन मुलं असतील, तर बारा सह्या. त्यात एक परदेशात, एकीचा पत्ता नाही, एकजण वारला आणि त्याची पत्नी व अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, मुलं वारस. अज्ञान मुलांचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी काढावी लागते. कोकणातल्या सातबाऱ्यावर नावांची रांग लागते ती अशी. एकेका सर्व्हे नंबरात पाच गुंठ्यांना वीस नावं आणि त्यातली निम्मी मयत, हे चित्र कुठल्याही तलाठी कार्यालयात दिसेल.

म्हणून आधी कागद, मग गिऱ्हाईक. सातबारा आणि ८अ (खातेउतारा) ऑनलाइन मिळतात, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ वेगळा. घरपट्टी भरतो म्हणून जागा आपली, असा समज सर्रास आहे आणि तो चूक आहे. नमुना ८ ही करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. कोकणातली वाडी बहुतेक वेळा गावठाणाबाहेर, शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरात वसलेली असते. सातबाऱ्यावर ती जमीन वरकस (हलकी) किंवा पोटखराबा (लागवडीला अयोग्य) म्हणून लागलेली असते आणि घराचा उल्लेखच नसतो. कधी घर एकाच्या नावावर आणि त्याखालची जमीन दुसऱ्याच कुळाच्या किंवा जुन्या खोतांच्या वारसांच्या नावावर निघते. अशा वेळी विकण्यासारखं असतं ते फक्त बांधकाम, आणि त्याची किंमत मालकाच्या मनातल्या आकड्याच्या पासंगालाही पुरत नाही. हे गिऱ्हाइकाच्या वकिलाकडून कळण्याआधी स्वतःला कळलेलं बरं.

मयत नावं काढण्यासाठी वारस नोंद करून घ्यावी. त्यासाठी मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज लागतो. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला जातो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कायद्याने ही खबर तीन महिन्यांत द्यायची असते. प्रत्यक्षात तीस-तीस वर्षं दिलेली नसते. राज्य सरकारने एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम याच कामासाठी राबवली. दोन पिढ्या थकलेल्या असतील तर क्रमाने दोन फेरफार पडतात: आजोबांचे वारस आधी, वडिलांचे नंतर. मधली पायरी गाळून थेट नातवांची नावं चढवायचा आग्रह धरला की नोंद रद्द होते.

बहिणींची नावं हा नाजूक विषय, पण तो टाळून चालत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे. त्या तारखेला वडील हयात नसले तरी तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. तरीही भाऊबीजेला माहेरी आलेल्या बहिणीला दुसऱ्या दिवशी निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेणं चालू आहे. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं; साध्या स्टॅम्पपेपरवरचं चालत नाही. पण मुद्दा फक्त कायद्याचा नाही. घर विकून पैसा येणार असेल तर बहिणीला तिचा वाटा रोख द्यावा आणि विक्रीच्या दस्तावर तिची सही मालक म्हणून घ्यावी. फुकट सोडून घेतलेला हक्क पुढे दाव्याच्या रूपाने परत येतो, आणि दावा चालू असलेल्या घराला कोणी हात लावत नाही.

जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल तर सातबाऱ्यावर तशी अट असते. खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील, तर २०१४ च्या दुरुस्तीनंतर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरून विक्री करता येते. शेतआकार कोकणात अगदी किरकोळ असतो, त्यामुळे ही रक्कम जड नाही. तरीही ती न भरता दस्त केला तर व्यवहार शर्तभंगात अडकतो.

मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात करायचा. तो दिवाळीच्या आधी द्यावा, कारण कोकणात पावसाळ्यात आणि गवत उभं असताना मोजणी होत नाही. खरं काम डिसेंबर ते मे. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. मोजणीच्या दिवशी हजर राहून खुणांचे दगड तिथल्या तिथे पुरून घ्यावेत आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घेईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, हद्द समजून चालू नये. गडगा घातला तेव्हा मधला फणस वाचवायचा म्हणून तो चार हात आत-बाहेर झालेला असतो, आणि ते चार हात नव्या मालकाच्या वेळी भांडणाचं कारण होतात. विहिरीचा सामाईक हक्क, पाणंदीची वहिवाट, पाण्याचा पाट हे सगळं दस्तात शब्दांनी लिहून घ्यावं.

आता विकायचं कुणाला, हा प्रश्न. कोकणची जमीन बाहेरच्यांच्या घशात चालली आहे, ही ओरड खोटी नाही. डोंगर कापून भूखंड पाडले जातात, विहिरीवर पंप बसतो, पाणंदीला फाटक लागतं. ही काळजी आम्हालाही आहे. पण ती वाहण्याचं ओझं पंचाहत्तरीच्या विधवेच्या डोक्यावर का? तिला औषधाला पैसे हवेत, आणि भाऊबंदांना घर गावातच राहायला हवं. दोन्हीचा मेळ घालणारा रस्ता कायद्यात आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ नुसार सहवारसांपैकी एकाला वारशाने आलेला हिस्सा विकायचा असेल, तर बाकीच्यांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे. राहत्या घराचा अविभक्त हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला घरात येऊन नांदता येत नाही. त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि तो लावला तर उरलेले हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला त्याचा हिस्सा विकत घेऊ शकतात. तेव्हा घरमालकाने काय करावं? किंमत ठरवावी, सगळ्या भाऊबंदांना रजिस्टर पत्राने कळवावी, साठ दिवसांची मुदत द्यावी. साठ दिवसांत कोणी पुढे आलं नाही, तर गावाने नंतर बोट दाखवू नये. अग्रहक्क म्हणजे भाव देऊन घेण्याचा हक्क, फुकट अडवून ठेवण्याचा नाही.

शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, एरवी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. मुंबईच्या गिऱ्हाइकाकडून त्याच्या नावाचा सातबारा आधी मागून घ्यावा. तुकडेबंदी कायद्यामुळे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा वेगळा काढून विकता येत नाही. किमान क्षेत्राच्या अधिसूचना अलीकडे बदलल्या आहेत, म्हणून ‘घर आणि भोवतालचे चार गुंठे देतो, बाग ठेवतो’ असा शब्द देण्याआधी दुय्यम निबंधकाकडे विचारावं. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरचा आणि खाडीकाठचा पट्टा किनारा नियमन क्षेत्रात येतो. तिथे जुनं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, पण रिसॉर्ट बांधण्याची स्वप्नं बघणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगावं. नाहीतर विसार देऊन तो वर्षभर परवानग्यांच्या मागे हिंडेल आणि घर अडकून पडेल.

ज्येष्ठांची फसवणूक बहुतेक वेळा साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, होते. दहा टक्के विसार, ‘सहा महिन्यांत बाकी’ असं तोंडी, आणि कागदावर मुदतच नाही. घेणारा मग दुसरं गिऱ्हाईक शोधत राहतो. भाव वाढला तर नफा त्याचा, पडला तर तो गायब. साठेखत नोंदवावं, बाकी रकमेची तारीख घालावी, मुदत हा कराराचा गाभा आहे असं वाक्य लिहून घ्यावं, मुदत टळली तर विसाराचं काय होईल तेही लिहावं. ताबा पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय देऊ नये, ‘साफसफाई करून घेतो’ म्हणून किल्ली मागितली तरी नाही. दुसरा सापळा कुलमुखत्यारपत्राचा. ‘तुम्हाला तालुक्याला यायचा त्रास नको’ म्हणत दलाल ते मागतो. त्रास खरा असेल तर त्यावर उपाय आहे. नोंदणी कायद्यात अंथरुणाला खिळलेल्या किंवा अपंग माणसाच्या घरी येऊन दस्त नोंदवण्याची सोय आहे, त्यासाठी अर्ज आणि फी भरावी लागते. मुखत्यारपत्र द्यायचंच तर पोटच्या माणसाला, एकाच मिळकतीपुरतं, आणि पैसे मालकाच्याच खात्यात जमा होतील अशा अटीवर.

रोख रक्कम घेऊ नये. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो. ‘निम्मे काळे, निम्मे गोरे’ म्हणणारा गिऱ्हाईक सगळा धोका म्हाताऱ्या विकणाऱ्याच्या गळ्यात टाकत असतो.

कराचं गणित आधी करावं. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेआधी मिळालेल्या घर-जमिनीसाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्के असाही हिशेब करता येतो, आणि कमी येईल तो भरायचा. जुन्या घराची किंमत १ एप्रिल २००१ ची धरता येते. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा दाखला घ्यावा. समजा २००१ ची किंमत ५ लाख आणि २०२५-२६ मधली विक्री ४० लाख. पहिल्या पद्धतीने ३५ लाखांवर ४ लाख ३७ हजार ५०० रुपये. दुसऱ्या पद्धतीने २०२५-२६ च्या ३७६ निर्देशांकाने ५ लाखांचे १८ लाख ८० हजार होतात, नफा २१ लाख २० हजार, कर ४ लाख २४ हजार. उपकर वेगळा. दोन वर्षांत दुसरं राहतं घर विकत घेतलं, किंवा सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत पन्नास लाखांपर्यंत रक्कम गुंतवली, तर नफ्याचा तेवढा भाग करमुक्त होतो. आंबा-पोफळीची बाग ग्रामीण शेतजमीन असेल तर तिच्यावर हा करच नाही. दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आत असेल तर मात्र ती ग्रामीण राहत नाही; रत्नागिरी, चिपळूण या गटात येतात. म्हणून खरेदीखतात घर-अंगण आणि बाग यांच्या किमती खऱ्या आणि वेगवेगळ्या लिहाव्यात. घरमालक चार असतील तर चौघांचा कर वेगळा, हेही पैसे वाटण्याआधी सगळ्यांना सांगावं.

आलेला पैसा कुठे जातो, इथे आमचं मत सर्वांत कडक आहे. कोकणात घर विकलं की महिन्याभरात विरार, डोंबिवली किंवा पनवेलच्या फ्लॅटचा हप्ता समोर येतो. मुलाला मदत करावी, पण स्वतःचं छप्पर आणि पंधरा वर्षांचा खर्च बाजूला काढल्यावर. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. २०२५ मधल्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१ हजार ५०० रुपये हातात येतात. पती-पत्नी दोघांचे हिस्से वेगवेगळ्या खात्यांत ठेवावेत. पतसंस्थेत सगळी पुंजी ठेवू नये, व्याज अर्धा टक्का जास्त मिळत असलं तरी. बँकेतल्या ठेवीला दर ठेवीदारामागे पाच लाखांचं विमा संरक्षण आहे, सहकारी बँकेतसुद्धा. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. ओळखीचा चेअरमन हे संरक्षण नव्हे.

काहीजण विकत नाहीत, मुलाच्या नावे बक्षीसपत्र करतात. करावं, पण बक्षीसपत्रातच ‘आईवडिलांना याच घरात राहू द्यायचं, जेवणखाण आणि औषधपाणी बघायचं’ अशी अट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अट मोडली तर प्रांताकडे अर्ज करून हस्तांतर रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नसेल तर ती सिद्ध करत बसावं लागतं, आणि मुलाविरुद्ध ते करणं कोणत्याही आईबापाला सोपं नाही.

जायचं कुठे? मुलाच्या मुंबईतल्या घरी, हे उत्तर आम्हाला पटत नाही. अंगणात जन्म गेलेल्या माणसाला सातव्या मजल्यावरचं बंद दार सोसत नाही. तालुक्याचं गाव बघावं: चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, माणगाव. बोली तीच, मासळीचा बाजार पायाखाली, डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर, गावची पालखी गाठायला एसटी. आधी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहावं आणि तो काळ जूनपासून धरावा. पावसाळ्यात तळमजल्याच्या भिंतींना ओल येते का, लिफ्ट वीज गेल्यावर चालते का, रस्त्यावर पाणी भरतं का, हे जानेवारीत बघून कळत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्यांचं काय झालं, ते शेजाऱ्यांना विचारावं आणि भिंतीवरची पाण्याची खूण बघावी. विकत घेताना भोगवटा प्रमाणपत्र आणि बिनशेती आदेश मागावा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे छोटे प्रकल्प महारेराच्या नोंदणीतून सुटतात, आणि तालुक्याच्या गावात बहुतेक इमारती तशाच असतात. तिथे सगळी तपासणी आपल्यालाच करावी लागते.

तिसरी वाट अशी: रस्त्यालगत स्वतःचीच जागा असेल तर मोठं घर विकून किंवा उतरवून चार-साडेचारशे चौरस फुटांचं घर बांधायचं. एक खोली, स्वयंपाकघर, आतच संडास-न्हाणी, दाराला उंबरठा नाही, चाकाची खुर्ची वळेल असा तीन फुटी दरवाजा, पुढे पडवी. जुने खांब आणि वासे त्यात लागतात. जिथे वाडी अजून नांदती आहे आणि चार घरं हाकेवर आहेत, तिथे हीच वाट सर्वांत चांगली. जिथे शेजारची तीन घरं कुलूपबंद आहेत, तिथे नाही.

देवांचं काय, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. कित्येक व्यवहार तिथेच मोडतात. देवघरातले टाक, कुळाचार, आणि मूळ घरी बसणारा गणपती. टाक विधीपूर्वक नव्या घरी नेता येतात. गणपती मात्र भावकीचा असेल, तर पुढच्या वर्षी तो कुणाच्या घरी बसणार हे साठेखताच्या आधी भावकीत बसून ठरवावं, आणि खर्चाची वर्गणीही ठरवावी. पालखी अंगणात येण्याचा मान असेल तर देवस्थानच्या मानकऱ्यांना आधी सांगावं. तो मान घराला आहे की घराण्याला, हे तेच सांगू शकतात. राखणदाराची जागा किंवा तुळशीवृंदावन राहणार असेल, तर वर्षातून एकदा येण्याजाण्याची वाट दस्तात लिहून घ्यावी.

सामान आवरायला चार महिने धरावेत, एका आठवड्यात ते होत नाही. माळ्यापासून सुरुवात करावी, कारण शिडी चढणं सर्वांत आधी अशक्य होतं. कागदांची पेटी मात्र शेवटपर्यंत फोडू नये आणि कुणाला ‘रद्दी काढतो’ म्हणून हात लावू देऊ नये. जुनी खरेदीखतं, सारा भरल्याच्या पावत्या, वाटपाची यादी तिथेच असते. तांब्या-पितळेची भांडी भंगाराच्या भावाने एकदम देऊ नयेत. साबूत घंगाळ, बंब, हंडा यांना वजनापेक्षा जास्त दाम मिळतो. जातं, पाटा, व्हायन (उखळ) न्यायचं असेल तर व्यवहारातच सांगावं, कारण जमिनीत रोवलेली वस्तू घराबरोबर गेली असं समजलं जातं. फणस, आंबा, आईन, साग ही झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ‘झाडांचे वेगळे पैसे घ्या, उद्या तोडतो’ म्हणणाऱ्याला परवाना दाखवायला सांगावं. सामान वाटताना मुलांना आणि मुलींना एकाच दिवशी बोलवावं.

सरकारकडे मागण्यासारखंही आहे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळते. पण कोकणातली बहुसंख्य घरं गावठाणात नाहीत, वाड्यांत आहेत, म्हणून ज्यांना या पत्रिकेची सर्वाधिक गरज त्यांनाच ती मिळत नाही. वाडीला वस्तीक्षेत्र मानून तिथल्या घरांची मोजणी करावी. वारस नोंदीची शिबिरं गणपतीच्या आणि शिमग्याच्या दिवसांत गावातच घ्यावीत, कारण सगळे वारस एका ठिकाणी तेव्हाच सापडतात. आणि दुय्यम निबंधकाने घरी येऊन दस्त नोंदवण्याची जी सोय कायद्यात आहे, तिचा फलक प्रत्येक निबंधक कार्यालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावावा.

खरेदीखत झाल्यावरही तीन-चार कामं उरतात. वीजमीटर नव्या मालकाच्या नावावर चढवून घ्यावा आणि अनामतीची रक्कम परत मागावी. घरपट्टी, पाणीपट्टीची बाकी शून्य असल्याचा दाखला ग्रामपंचायतीकडून घ्यावा. रेशनकार्ड, मतदार यादी, बँक, पेन्शन यांचे पत्ते बदलावेत. सातबाऱ्यावरून आपलं नाव कमी झाल्याचा फेरफार क्रमांक लिहून ठेवावा, आणि नवं मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करावं, कारण जुन्या मृत्युपत्रात जे घर मुलांना दिलेलं असतं ते आता नसतं.